साडीला डाग न लावणारी सायकल

१९८३ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. मला बँकेत लागून दोन वर्षं झाली होती आणि सदाशिव पेठेतल्या घरून शाखेत मी सायकलने जात असे. शनिपाराजवळ चेन उतरली. खाली बसून, एका हाताने साडी सावरत, दुसऱ्या हाताने चेन दात्यांवर चढवली, पायडल फिरवलं आणि कशीबशी वेळेत काउंटरवर जाऊन बसले. पहिल्या ग्राहकाला मोजून दिलेल्या नोटांवर माझ्या बोटांचे काळे ठसे उमटले. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. नोटा उलटसुलट करून पाहिल्या आणि खिशात घातल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. फिकट निळ्या साडीच्या काठावरचा वंगणाचा डाग तर रॉकेल, लिंबू, साबण सगळं करूनही गेला नाही. ती साडी पुढे पायपुसणी झाली.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, कायनेटिक होंडा आली. आमच्या शाखेतल्या बायकांनी एकेक करून वाहनकर्ज काढलं. अर्ज लिहून द्यायचं काम बहुधा माझ्याकडे यायचं, त्यामुळे कुणी किती हप्त्यांनी फेडली हेही मला आठवतं. किक मारायची नाही, क्लच नाही, गिअर बदलायचा नाही. त्या काळच्या पुण्यातल्या किती बायका केवळ एवढ्या सोयीमुळे घराबाहेर आपल्या मर्जीने हिंडू लागल्या, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

खरं तर ‘बिनगिअरची’ हे नाव चूक. तिच्यात गिअर होता, फक्त पायऱ्यांचा नव्हता. दोन शंकूसारख्या पुल्या आणि त्यांवरून फिरणारा रबरी पट्टा. पुलीचे दोन अर्धे भाग जवळ-लांब सरकले की पट्टा वर-खाली होतो आणि गिअर आपोआप, झटका न देता बदलत राहतो. हीच करामत मोटारगाडीत घालून हॉलंडमधल्या आइंडहोवनच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये लोकांसमोर आणली होती. हे मला कळलं ते अगदी अलीकडे, त्या गावातल्या डाफच्या संग्रहालयात. माझी लेक आइंडहोवनलाच राहते.

तिच्याकडे गेल्या उन्हाळ्यात तीन महिने होते. पहिल्याच आठवड्यात तिने आपली विजेची सायकल माझ्यासमोर आणून उभी केली. ‘‘आई, बस.’’

मी म्हटलं, ‘‘माझं वय काय, तू म्हणतेस काय?’’

तिने समोरच्या रस्त्याकडे बोट केलं. सत्तरीच्या दोन बायका गप्पा मारत, पुढच्या टोपलीत भाजी घालून, आरामात चालल्या होत्या. तिथे जुन्या पद्धतीच्या लेडीज सायकलीला ‘ओमाफीत्स’ म्हणतात, म्हणजे आजीची सायकल. शब्दकोशात जिथे आजीलाच सायकल आहे तिथे लाजायचं कुणाला?

बसण्याआधी मी सवयीने वाकून चेन पाहिली. चेन नव्हतीच. तिच्या जागी एक काळा, दातेरी पट्टा होता. हात लावून पाहिला; बोट कोरडं. मोटारीच्या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो, त्याचाच हा भाऊबंद. हा पट्टा अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या गेट्स कंपनीचा होता. आत कार्बनचे धागे, वर पॉलियुरेथेनचं आवरण. चेनमध्ये शंभरावर कड्या असतात, प्रत्येक कडीची खीळ झिजते आणि चेन ‘लांबते’. हा पट्टा लांबत नाही, गंजत नाही, त्याला तेल लागत नाही. चिखल उडाला तर पाणी मारायचं. माझ्या निळ्या साडीचा प्रश्न कुणीतरी सोडवला होता, फक्त चाळीस वर्षं उशिरा.

पण पट्ट्याचे हट्ट असतात. तो चेनसारखा मध्ये तोडून जोडता येत नाही. अखंड कडंच असतं ते. म्हणून सायकलीच्या सांगाड्याला मागच्या त्रिकोणात एक सांधा ठेवावा लागतो, तो उघडून पट्टा आत घालायचा. आणि पट्ट्याला सरळ रेषेतच पळायचं असतं. चेन जशी या चाकावरून त्या चाकावर उडी मारते तशी तो मारत नाही. मग गिअर ठेवायचा कुठे? मागच्या चाकाच्या पोटात, हबमध्ये.

त्या हबमधल्या गमतीसाठी मी अर्धा दिवस जावयाचं डोकं खाल्लं. आत दात्यांची चाकं नाहीत. पोलादी गोळ्यांचं एक कडं आहे, प्रत्येक गोळ्यातून एक आस आरपार गेलेला. गोळ्यांच्या एका अंगाला पायडलकडून जोर आणणारी तबकडी टेकते, दुसऱ्या अंगाला तो चाकाकडे नेणारी. शाळेतला पृथ्वीगोल आठवा. तो एकदा फिरवला की विषुववृत्तावरचा ठिपका लांबलचक फेरी मारतो, ध्रुवाजवळचा जागच्या जागी गिरकी घेतो. हँडलची मूठ फिरवली की गोळ्यांचे आस कलतात. पहिली तबकडी विषुववृत्ताजवळ आणि दुसरी ध्रुवाजवळ आली, की चाक सावकाश फिरतं पण जोर वाढतो. चढाला हेच हवं. उलट कलले की पळायला मोकळे. आस थोडे कलले की गिअर थोडा बदलतो, आणखी कलले की आणखी. पहिला, दुसरा, तिसरा असं काही नाहीच. तबकड्या आणि गोळे यांच्यामध्ये एका खास द्रवाचा पातळ थर असतो, दाबाखाली तो घट्ट होतो आणि जोर पुढे पोचवतो.

मुठीजवळ एक इवलीशी खिडकी आहे. तिच्यात एक छोटा सायकलस्वार आणि त्याच्यासमोर एक रेषा. मूठ एका बाजूला फिरवली की रेषा सपाट होते, दुसऱ्या बाजूला फिरवली की तिचा डोंगर होतो. आकडा नाही, इंग्रजी अक्षर नाही. हे चित्र ज्याने काढलं त्याला माझा नमस्कार सांगा. सिग्नलला थांबल्यावरसुद्धा मूठ फिरवून निघायचा गिअर लावता येतो, चेनच्या गिअरला ते जमत नाही.

आइंडहोवन आणि वेल्डहोवन यांच्या सीमेवर, मोटारींच्या चौकाच्या वर, फक्त सायकलींसाठी एक गोल पूल टांगलेला आहे. होवनरिंग त्याचं नाव, २०१२ मध्ये खुला झाला. सपाट देशातला तो माझा घाट. खालून चढ बघून मी उतरायच्या बेतात होते, तेवढ्यात लेक मागून ओरडली, ‘‘आई, मूठ!’’ मूठ फिरवली, रेषेचा डोंगर झाला, मोटरने मागून हात दिल्यासारखं केलं आणि गुडघ्याने चकार शब्द न काढता मी वर पोचले. वर वारा भन्नाट होता. मी तिथे जरा वेळ थांबून राहिले. दम लागला असं लेकीला वाटलं. दम लागला नव्हता.

गुडघ्यांनी २०१९ मध्ये माझी स्कूटर सोडवली. ती स्टँडवरून काढणं जमेना. तेव्हापासून वाचनालय, भाजी, मैत्रिणीचं घर, सगळं रिक्षाच्या किंवा मुलाच्या सवडीवर. मुलगा कधी नाही म्हणत नाही. पण विचारावं लागतं. ‘जाऊन येते’ म्हणून घराबाहेर पडणं आणि ‘सोडशील का?’ म्हणून पडणं यांतला फरक साठीच्या पुढच्यांना समजावून सांगायला नको.

लेकीने विचारलं, ‘‘पुण्याला एक पाठवू?’’ तेव्हा मात्र माझ्यातली जुनी कर्ज-अधिकारी जागी झाली. किंमत साडेतीन हजार युरो, म्हणजे आपले तीन लाखांच्या वर. एवढ्या पैशांत आपल्याकडे विजेच्या दोन स्कूटर येतात. बरं, या हबचं वैगुण्यही आहे. तो जड आहे आणि प्रत्येक फेरीमागे थोडी दलाली कापून घेतो; नीट ठेवलेली साधी चेन जोर जास्त इमानाने पोचवते. नुसत्या पायांनी चालवणाऱ्याला ही दलाली जाणवते. विजेच्या सायकलीत ती मोटर भरते. म्हणून तर हा हब विजेच्या सायकलीवर रुळला.

पैशापेक्षा मोठा प्रश्न दुरुस्तीचा. वाहन नजरगहाण घेताना आम्ही विचारायचो, मोडलं तर नीट कोण करणार? हा हब पहिल्यांदा काढणारी अमेरिकेतली फॉलब्रुक ही कंपनी २०१८ मध्ये तिथल्या दिवाळखोरी न्यायालयात गेली, देण्यांची फेरमांडणी करून बाहेर आली, आणि हब आता एन्व्हिओलो नावाने विकला जातो. तो तरला. पण जुलै २०२३ मध्ये ॲमस्टरडॅमची व्हॅनमूफ ही विजेच्या सायकलींची गाजलेली कंपनी दिवाळखोरीत निघाली तेव्हा, दुसऱ्या कंपनीने ती घेईपर्यंत, सुट्या भागांसाठी गिऱ्हाइकं हवालदिल झाली होती. कारण बरेच भाग तिच्या स्वतःच्याच बनावटीचे. साधी चेन तुटली तर कोपऱ्यावरचा सायकलवाला जोडतो. हा पट्टा तुटला तर ठरावीक मापाचा नवाच हवा, आणि मोटर पायडलजवळ असेल तर तीही तुमच्याइतकीच हतबल, कारण तिचा जोरही पट्ट्यातूनच जातो.

आणि रस्ता. ज्या देशाने एवढे पूल बांधले तिथेही २०२२ मध्ये २९१ सायकलस्वार अपघातात गेले, त्यांत वयस्कर पुष्कळ. पुण्याने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. त्यातलं जमिनीवर जे उतरलं, त्यावर बऱ्याच ठिकाणी स्कूटरी उभ्या असतात.

तरीही माझं म्हणणं आपल्याकडच्या कारखानदारांना आणि बँकांना आहे. अडीचशे वॅटच्या आतल्या, ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतल्या विजेच्या सायकलीला आपल्याकडे परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही. मग अशा बहुतेक सायकली व्यायाम करणाऱ्या तरुणाला डोळ्यांसमोर ठेवून का बनतात? मोटर घेतली, बाकी सगळं तसंच: उघडी चेन, उंच दांडी, खटके देणारा गिअर. साडी किंवा धोतर नेसून, सांधे सांभाळत बसणारं माणूस गिऱ्हाईक वाटतच नाही का? अमेरिकेचा हबच हवा असं नाही. पूर्ण बंद चेनकव्हर आणि वाकून चढता येईल अशी बुटकी सायकल तर आपण पन्नास वर्षांपूर्वीही बनवत होतो. बँकांनी साठीच्या पुढच्यांना अशा सायकलीसाठी छोटं कर्ज द्यावं. हप्ते बुडणार नाहीत, आमच्या पिढीला तेवढी लाज आहे.

परत आल्यावर कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला लेकीच्या सायकलीचा फोटो दाखवला. त्याने चष्मा वर करून, फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला.

‘‘काकू, ह्याला तेल कुठून घालायचं?’’

‘‘घालायचंच नाही.’’

‘‘मग आम्ही काय करायचं?’’ तो हसला. मग एकदम बोट टेकवून म्हणाला, ‘‘पट्टा काढायला इथे काप दिलाय ना?’’

मी त्याला सांध्याचं काहीच सांगितलेलं नव्हतं. मला स्वतःला तो सांधा जावयाने दाखवेपर्यंत दिसला नव्हता.

‘‘आणा की एक,’’ तो म्हणाला. ‘‘उघडून बघू.’’

तोवर त्याने माळ्यावरची माझी जुनी सायकल काढून दिली. नवे टायर, नवी चेन, वर जुनंच चेनकव्हर ठोकून सरळ केलेलं. परवा सकाळी तिच्यावरून निघाले. झेड ब्रिजच्या चढापाशी उतरले, आणि सायकल हातात धरून चालत वर गेले.