रात्रीचा भात, सकाळचा डबा

रात्री उरलेला भात सकाळी फोडणी देऊन डब्यात नेणारे आम्हीच! चांगला परतला की जंतू मरतात, हा आमचा समज अर्धाच खरा निघाला.

बॅसिलस सेरियस नावाचा काठीसारखा जिवाणू मातीत राहतो, तांदळाबरोबर घरात येतो. त्याच्या पोटात टणक कवचाचा बीजाणू तयार होतो. हे बीजाणू भात शिजतानाही तग धरतात. भात रात्रभर उबेला राहिला की ते रुजतात, जिवाणू वाढतात, विष सोडतात. ते विष फोडणीच्या आचेनेही जात नाही. खाल्ल्यावर १ ते ६ तासांत उलट्या सुरू होतात. वास आला नाही म्हणजे भात चांगला, असेही नाही.

अन्न टाकवत नाही, हे आम्हीही जाणतो. म्हणून फ्रिज नसेल तर मोजूनच शिजवावा. असेल तर परातीत पसरून निववावा आणि तासाभरात आत ठेवावा.