घरचा बार आणि पानाचा डबा

मंडळी, या विकांताचा विषय जरा ओला आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी इथूनच रजा घ्यावी असं लिहिणार होतो, पण नको. हा लेख न पिणाऱ्यांसाठीही तितकाच आहे. का ते पुढे कळेलच.

हल्ली आमच्या वयाच्या लोकांना फ्लॅटचा ताबा मिळाला की तीन गोष्टी ठरलेल्या असतात. मॉड्युलर किचन, भिंत व्यापणारा टीव्ही आणि हॉलच्या कोपऱ्यात 'होम बार'. इंटिरियरवाला लॅपटॉपवर चित्रं दाखवतो. मागे आरसा, खाली निळे दिवे, उलटे टांगलेले ग्लास, पुढे दोन उंच स्टुलं (ज्यांच्यावर कुणी दहा मिनिटांच्या वर टिकलेलं मी तरी पाहिलेलं नाही). रीलमध्ये हे सगळं झकास दिसतं. माझं मत विचाराल तर यातलं निम्मं सामान घ्यायची गरज नसते. आणि जो एक प्रश्न विचारायला हवा तो कुणी विचारतच नाही: आई-बाबा आले तरी हा कोपरा असाच राहणार आहे का?

आधी सामानाचं बोलू.

बाटल्यांचे खरे शत्रू दोन, ऊन आणि उष्णता. म्हणजे बाल्कनीच्या काचेला लागून असलेला, दुपारभर ऊन खाणारा बार दिसायला कितीही सुंदर असो, तो चुकीच्या जागी आहे. व्हिस्की, रम, जिन उभ्या ठेवायच्या, कारण आडवी ठेवली तर कडक मद्य बुचाला खराब करतं. बूच असलेली वाइन मात्र आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. व्हर्मूथ ही मुळात वाइनच, त्यामुळे उघडल्यावर तिची जागा शोकेसमध्ये नाही, फ्रिजमध्ये. अनेक घरांत सहा-सहा महिने बाहेर उघडी पडलेली व्हर्मूथ दिसते, आणि मग "मार्टिनी काही खास लागत नाही बुवा" असं ऐकू येतं.

दुसरं म्हणजे ते नक्षीदार डिकँटर. लेड क्रिस्टल म्हणवणाऱ्या काचेत २४ टक्के किंवा त्याहून जास्त लेड ऑक्साइड असतं. त्यात दारू महिनोन्‌महिने साठवली तर शिसं हळूहळू त्यात उतरतं. १९९१ साली 'लॅन्सेट'मध्ये यावर शोधनिबंधही आला होता. तासाभरासाठी त्यातून वाढायला हरकत नाही, पण साठवण मूळ बाटलीतच करावी. साध्या काचेचा डिकँटर घेतलात तर हा प्रश्नच मिटला.

हत्यारांचा संच तर अजिबात घेऊ नका. सगळं स्वयंपाकघरात आहे. लोणच्याची घट्ट झाकणाची रिकामी बरणी म्हणजे शेकर. चहाची गाळणी म्हणजे गाळणी. पुदिना चेचायला खलबत्ता, ढवळायला लस्सीचा लांब चमचा. एकच वस्तू विकत आणा, ३० आणि ६० मिलीचं मोजमाप.

आता मोजमाप का, याचा हिशेब देतो (इंजिनियर आहे, सवय जात नाही). आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे ३० मिलीत साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आणि ६० मिलीत २०. पाच टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्ये १३ ग्रॅम. एका मित्राने अंदाजाने ओतलेला 'स्मॉल' मी गंमत म्हणून मोजला, तर तो ५० मिली निघाला. "मी दोनच घेतो" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याचा हात खोटं बोलत असतो :)

आता सजावट. इथे मला खरी मजा येते, कारण सजावटीसाठी मॉलमध्ये जायची गरजच नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडताना मला पितळी पानाचा डबा मिळाला. आत कप्पे, वर झाकण, कडेला थोडासा पोचा. कधीकाळी त्यात सुपारी, लवंग, वेलची असणार. आताही त्यात लवंग, वेलची आणि दालचिनीच असते, फक्त ती हिवाळ्यात गरम रममध्ये जाते. एक काळजी मात्र घ्यायची: लिंबाच्या फोडी त्यात ठेवायच्या नाहीत. कल्हई नसलेल्या पितळेला आणि तांब्याला आंबट चालत नाही, हे आपल्या आज्यांना कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय माहीत होतं. तोच नियम त्या मॉस्को म्यूलच्या तांब्याच्या मगला. त्यात लिंबाचा रस पडणार, म्हणजे आतून कल्हई किंवा स्टीलचं अस्तर हवंच. कसब्यात तांबट आळी आहे, तिथल्या तांबटांचं ठोक्याठोक्याचं मठारकाम बघा. तसं एक भांडं बर्फासाठी घेतलंत तर निळ्या दिव्यांची गरज उरणार नाही.

बाटल्यांचंही तसंच. स्कॉचच्या रांगेत काजूच्या फेणीची एक बाटली ठेवा की राव! २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला वारसा पेय म्हटलं. तरी आपल्याकडे अजून पाहुणा तिच्याकडे नाक मुरडून बघतो, आणि मेक्सिकोची मेझकाल मात्र "वा, काय स्मोकी आहे" म्हणून पितो. बार म्हणजे मालकाच्या पगाराची जाहिरात नव्हे. तिथली प्रत्येक बाटली उघडलेली असावी आणि प्रत्येकीची काही गोष्ट असावी. चार बाटल्या पुरतात. चखण्याला भाजके शेंगदाणे, काकडी आणि आमच्या सांगलीचं भडंग.

आता न पिणाऱ्यांकडे येतो.

आपल्या पार्ट्यांत न पिणाऱ्याचे काय हाल होतात ते बघा. पिणाऱ्याला नाजूक ग्लास, मोठा बर्फ, वर संत्र्याची साल. न पिणाऱ्याला? कागदी कपात गॅस गेलेला कोला. वर "अरे घे की, एकाने काय होतंय" हा आग्रह फुकट. जेवणाच्या पंगतीत आपण असं कुणाशी वागू का? उपास असलेल्याला आपण साबुदाण्याची खिचडी आवर्जून करतो, त्याला रिकाम्या ताटावर बसवत नाही. माझ्या मते बार चांगला की वाईट याची कसोटी एकच: न पिणाऱ्या माणसाला तिथे पहिल्या प्रतीचं काय मिळतं? कोकमाचा आगळ, जिरं, मीठ, सोडा आणि तोच नाजूक ग्लास. पन्हं. आल्याचा रस आणि लिंबू. एवढं जमत नसेल तर तो बार नाही, साठा आहे.

आणि आता आई-बाबा.

माझ्या ओळखीच्या निम्म्या घरांत हा कार्यक्रम असतो. गावाहून फोन आला, "शनिवारी पोचतोय," की शुक्रवारी रात्री बाटल्या बेडखालच्या कप्प्यात. ग्लास मात्र जागेवर, "सरबतासाठी आहेत." तिशीला टेकलेली, टीम सांभाळणारी, गृहकर्जाचे हप्ते भरणारी माणसं दहावीतल्या मुलासारखी धावपळ करतात. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं. शंभरावर वर्षं झाली, तरी मराठी घरात दारूबद्दल दोनच आवाज ऐकू येतात, एक तळीरामाचा आणि दुसरा रडणाऱ्या सिंधूचा. मधल्या माणसाला आवाजच नाही. ही भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. प्रत्येक कुटुंबात एखादा काका असतोच ज्याच्याबद्दल हळू आवाजात बोलतात. आई-बाबांची धास्ती तिथून येते, मागासलेपणातून नव्हे.

पण लपवण्याने ती धास्ती कमी होत नाही. आणि लपवून पिण्याची सवय हीच तर त्या काकाच्या गोष्टीची सुरुवात असते. आमच्याकडे मी कोपरा हलवत नाही. बाबा पहिल्यांदा आले तेव्हा बराच वेळ बघत राहिले. मग तो पानाचा डबा उचलून म्हणाले, "आपल्या आजीकडे असाच होता." आणि थोड्या वेळाने, "किती घेतोस?" मी खरा आकडा सांगितला: शनिवारी दोन, मोजून. त्यांना आवडलं नाही. पण त्यांना आता आकडा माहीत आहे, आणि तो बदलला तर ते विचारू शकतात. मला हे लपवाछपवीपेक्षा कितीतरी सुरक्षित वाटतं.

याला अपवाद आहेत, आणि ते महत्त्वाचे. घरात लहान मूल असेल तर बारला कुलूप हवंच, तिथे मोकळेपणाचं तत्त्वज्ञान चालत नाही. आणि एखादा मित्र दारू सोडण्याचा प्रयत्न करत असेल, तर तो यायच्या आधी बाटल्या आत ठेवा. लाजेने लपवणं वेगळं आणि मायेने बाजूला सारणं वेगळं. पहिल्यात आपण स्वतःला वाचवतो, दुसऱ्यात समोरच्याला.

ज्यांच्याकडे बार नाही त्यांनी तो करावा असा माझा अजिबात आग्रह नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलंय की दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. महाराष्ट्रात तर १९४९ च्या कायद्याखाली परवानाही लागतो, आणि कडक मद्यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण असावी लागतात. त्यामुळे "थोडी तब्येतीला चांगली" वगैरे स्वतःची समजूत घालू नये. जे करतो ते आवडतं म्हणून करतो, त्याची किंमत माहीत आहे, आणि ती मोजून देतो. एवढं उघडपणे म्हणता येत असेल तर कोपरा जरूर सजवा.

नसेल म्हणता येत, तर पानाचा डबा तेवढा आणा. त्यात बडीशेपही छान दिसते.