भंवरी जागीच होती

बाईला जागं करायला निघालेल्या तमाम मंडळींना माझी विनंती आहे, आधी भटेरीला जाऊन या. जयपूरपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, बस्सी तालुक्यातलं हे गाव. पाहण्यासारखं तिथं काही नाही. पण जागृतीचं काम करायला सरकारनंच या गावात एक बाई नेमली होती, आणि त्या कामाचं बक्षीस तिला काय मिळालं, हे तिथं उभं राहून एकदा आठवावं. मग खुशाल फलक छापा, मेणबत्त्या घ्या, ‘तू बोल’ म्हणून तिला आवाहनं करा.

राजस्थान सरकारनं १९८४ साली युनिसेफच्या मदतीनं महिला विकास कार्यक्रम सुरू केला. गावोगाव ‘साथिन’ नेमल्या. भटेरीची साथिन होती भंवरी देवी, जातीनं कुंभार, लहानपणीच लग्न झालेली. पाणी, रेशन, दुष्काळी कामावरची मजुरी, साक्षरता असं सगळं तिनं पाहायचं, आणि पगार नाही, जुजबी मानधन घ्यायचं. १९८७ साली शेजारच्या गावातल्या एका बाईवर बलात्काराचा प्रयत्न झाला, तेव्हा भंवरीनं तो विषय लावून धरला आणि गाव तिच्या पाठीशी उभं राहिलं. तोवर सगळं गोड होतं.

१९९२ साली आखातीजच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर सरकारला बालविवाह रोखायची उबळ आली. वरून हुकूम निघाला, खाली भंवरी दारोदार फिरली. गावातल्या एका गुर्जर घरी वर्षाचीही न झालेल्या मुलीचं लग्न ठरलं होतं. भंवरीनं समजावलं, ऐकलं नाही, तिनं वर कळवलं. अधिकारी आले आणि गेले. मुहूर्त तेवढा टळला, लग्न रात्री उरकलं गेलं. अधिकाऱ्यांच्या फायलीत मोहीम यशस्वी झाली, गावाच्या डोळ्यात मात्र भंवरी सलत राहिली. तिच्याकडची मडकी घ्यायची नाहीत, तिच्याशी व्यवहार ठेवायचा नाही, असं ठरलं. २२ सप्टेंबर १९९२ च्या संध्याकाळी नवरा-बायको शेतात काम करत असताना पाच जण आले. नवऱ्याला काठ्यांनी मारून धरून ठेवलं आणि तिच्यावर बलात्कार झाला, ही तिची फिर्याद.

इथून पुढची गोष्ट जरा सावकाश वाचा, कारण खरा प्रश्न इथून सुरू होतो. ही बाई गप्प बसली नाही. लाजली नाही, विहीर जवळ केली नाही, ‘लोक काय म्हणतील’ म्हणाली नाही. आपली शिबिरं जे जे शिकवतात ते सगळं तिनं केलं. ती ठाण्यात गेली. बस्सीच्या आरोग्य केंद्रात गेली. तिथं बाई डॉक्टर नाही म्हणून तिला जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांना मॅजिस्ट्रेटचा हुकूम हवा होता, आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांची कचेरीची वेळ संपली होती. हुकूम दुसऱ्या दिवशी मिळाला. तपासणी होईपर्यंत घटनेला बावन्न तास उलटून गेले होते. परत ठाण्यात आल्यावर पोलिसांनी पुरावा म्हणून तिचा घागरा ठेवून घेतला. नवऱ्याचा रक्तानं माखलेला साफा कमरेला गुंडाळून ती अर्ध्या रात्री दुसऱ्या गावच्या साथिनीच्या घरी चालत गेली.

आता सांगा, या साखळीत जागृतीची गरज नेमकी कुणाला होती?

खटल्याची कहाणी याहून खालच्या पायरीवरची. न्यायाधीश बदलत गेले. १९९३ च्या डिसेंबरात राजस्थान उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तिबरेवाल यांनी आरोपींना जामीन नाकारताना हा सूड उगवण्यासाठी झालेला सामूहिक बलात्कार असल्याची आपली खात्री झाल्याचं नोंदवलं होतं. तरीही १५ नोव्हेंबर १९९५ रोजी जयपूरच्या सत्र न्यायालयानं बलात्काराच्या आरोपातून सगळ्यांना मोकळं केलं. कारणं काय दिली? वरच्या जातीचा माणूस खालच्या जातीच्या बाईला शिवून स्वतःला बाटवून घेणार नाही. काका आणि पुतण्या मिळून असलं कृत्य करणार नाहीत. नवरा आपल्या बायकोची विटंबना उघड्या डोळ्यांनी पाहत राहणार नाही. शिवाय वैद्यकीय तपासणीला उशीर झाला! म्हणजे डॉक्टरनं दार लावायचं, मॅजिस्ट्रेटनं घड्याळ पाहायचं, आणि उशिराचा ठपका बाईच्या माथी. निकालानंतर आरोपींच्या बाजूनं जयपुरात विजयमेळावाही भरला. या निकालपत्रातला कायदा गावच्या पारावर बसून लिहिला असता तरी याहून वेगळा झाला नसता.

सरकार वरच्या न्यायालयात अपिलात गेलं, तेही बायका रस्त्यावर उतरल्या म्हणून. २००७ पर्यंत, म्हणजे घटनेनंतर पंधरा वर्षांत, त्या अपिलाची एकच सुनावणी झाली होती आणि पाचांपैकी दोन आरोपी मरून गेले होते. मालक म्हणून सरकारची भूमिका तर बघण्यासारखी. सरकारी काम करते म्हणून तिच्यावर हल्ला झाला, पण तो तिच्या स्वतःच्या शेतात झाला, सबब जबाबदारी आमची नाही. याच कोडगेपणावर बोट ठेवत जयपूरची ‘विशाखा’ आणि इतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर आणि न्यायमूर्ती बी. एन. कृपाल यांनी कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले. त्यांचाच पुढं २०१३ साली कायदा झाला. निकाल मोठाच. पण भंवरीचं नाव त्यात कुठंही नाही. त्या घटनेचा फौजदारी खटला वेगळा चालू आहे, त्याबद्दल अधिक बोलण्याची गरज नाही, एवढ्यावर तिची बोळवण झाली.

आज पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारतींत वर्षाकाठी या कायद्याचं प्रशिक्षण होतं. अशा प्रशिक्षणांना मीही बसले आहे. समोशाबरोबर विशाखाची तत्त्वं वाटली जातात, तासाभरात सगळे सह्या करून मोकळे. ज्या बाईच्या अंगावरून हा कायदा उभा राहिला तिला न्याय मिळाला का, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं. भंवरीनं आम्हाला वातानुकूलित सुरक्षा मिळवून दिली. तिच्या पदरात पडले ते पुरस्कार, भाषणाची आमंत्रणं आणि गावाचा बहिष्कार.

‘राजस्थानात असंच चालायचं, घुंघटवाले लोक ते,’ म्हणून नाक मुरडणाऱ्या मराठी माणसाला मी देसाईगंजची आठवण करून देते. २६ मार्च १९७२, तेव्हाचा चांदा जिल्हा. मथुरा नावाची आदिवासी पोर पोलीस ठाण्यात आली आणि ठाण्यातच तिच्यावर बलात्कार झाला. सत्र न्यायालयानं तिलाच खोटारडी ठरवलं. नागपूर खंडपीठानं पोलिसांना शिक्षा दिली, तर १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. का, तर तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिनं आरडाओरडा केला नाही. आरडाओरडा करून ती बोलावणार कुणाला होती? पोलिसांना? पुढच्या वर्षी वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि उपेंद्र बक्षी या चौघांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, देशभर बायका उठल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. चुकलेल्या न्यायमूर्तींसाठी जनजागृती सप्ताह कुणी भरवला नाही.

आणि घराच्या आतली गोष्ट? १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडाचा सासरी मृत्यू झाला. तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती. ती पत्रं कोर्टात वाचली गेली, पण तेव्हा ती जिवंत नव्हती. तिच्या मृत्यूनंतर विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नारी समता मंचानं ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेलं, तेव्हा ‘आमच्यात असलं काही नसतं’ म्हणणाऱ्या घरांतल्या बायका बोलू लागल्या. त्यांना कळत नव्हतं असं नाही. ऐकायला कुणी बसलं नव्हतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचा आकडा सांगते. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या शंभर बायकांपैकी सत्त्याहत्तर जणींनी कधी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. हा आकडा दाखवून लोक म्हणतात, बघा, बायका किती अडाणी. मला उलट दिसतं. या सत्त्याहत्तर जणींनी नीट हिशेब केला आहे. ठाण्यात काय होईल, माहेरी काय ऐकावं लागेल, रात्री परत कुठल्या दाराशी यायचंय आणि शाळेची फी कोण भरणार, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. भंवरीनं हा हिशेब बाजूला ठेवला आणि आपण सगळ्यांनी मिळून तिला दाखवून दिलं की बाकीच्यांचा हिशेब बरोबर होता.

बरं, कायद्यांची टंचाई म्हणावी, तर तीही नाही. हद्द कुठलीही असो, ठाण्यानं फिर्याद घेतलीच पाहिजे. खबर मिळाल्यापासून चोवीस तासांत बाईला वैद्यकीय तपासणीला पाठवलंच पाहिजे. सरकारी असो की खासगी, कुठल्याही रुग्णालयानं फुकट उपचार केलेच पाहिजेत. फिर्याद नोंदवायला नकार देणाऱ्या पोलिसाला आणि उपचार नाकारणाऱ्या रुग्णालयाच्या प्रमुखाला भारतीय न्याय संहितेत तुरुंगवास लिहिलेला आहे. नकार देणारे मुबलक आहेत. त्या कलमांखाली आत गेलेला एक तरी तुमच्या पाहण्यात आहे का? कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा म्हणतो, मॅजिस्ट्रेटनं अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. तारखा मोजत बसलेल्या बाईसमोर हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवा, मग तिच्या चेहऱ्याकडे बघा. आणि नवऱ्यानं केला तर तो बलात्कारच नाही, हा अपवाद तर नव्या संहितेतही अदबीनं जपून ठेवला आहे. जागृतीची भाषणं देणाऱ्या सरकारनं आधी हे कलम आरशासमोर उभं राहून वाचावं.

काय करता येतं, हे आपल्याकडेच कुणीतरी करून दाखवलं आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ साली थेट मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात बायका-मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. ‘सेहत’ या संस्थेनं आणि मुंबई महापालिकेनं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ सुरू केलं. जिन्यावरून पडले, स्टोव्हचा भडका उडाला, असं सांगणाऱ्या बाईला तिथं शांतपणे बसवून विचारणारं माणूस असतं. बाई जिथं नाइलाजानं येतेच, तिथं पगारी, शिकलेलं, तिच्यावर विश्वास ठेवणारं माणूस बसवणं, यात फलक लागत नाही की उद्घाटक लागत नाही. म्हणूनच बहुधा ते सगळीकडे होत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी जनजागृतीचं आमंत्रण आलं की श्रोत्यांची यादी मागवा. त्यात ठाणे अंमलदार, अपघात विभागाचा डॉक्टर, सरकारी वकील आणि न्यायाधीश नसतील तर जाऊ नका. आणि तुमच्या शेजारची, तुमच्या घरची, तुमची लेक किंवा सून काही सांगू लागली, तर ‘थोडं सहन कर’, ‘धाकटीचं लग्न व्हायचंय’ ही वाक्यं गिळा. कपडे धुवायच्या आत तिला घेऊन रुग्णालयात जा, ठाण्यात तिच्या शेजारच्या खुर्चीत बसा, फिर्यादीची प्रत हातात पडेपर्यंत उठू नका, रात्री तिला आपल्या घरी झोपायला जागा द्या. १८१ आणि ११२ हे नंबर तिला पाठ करायला लावू नका, तुम्ही लावा. बोलण्याचं काम बायकांनी केव्हाच केलं आहे. थकबाकी ऐकणाऱ्यांकडे आहे, आणि ती वसूल केल्याशिवाय यापुढे एकाही बाईला ‘तू बोल’ म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.