करवत नवी, दुखणे जुनेच

रायपूर आणि नवा रायपूरच्या बांधकामांवर बॅटरीवर चालणारी गोल करवत सुतारांच्या हाती आली आहे. वायर गेली, धोका गेला नाही. मजुरी फुटावर, म्हणून घाईत खालचे गार्ड तारेने वर बांधले जाते. पाते लाकडात आवळले की करवत उसळते, तेव्हा आडवे यायला गार्डच नसते.

बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि उसळीचा धोका वाढतो. पाते बदलण्यापूर्वी, पुसण्यापूर्वी बॅटरी काढा. दात्यांवरचा चीक साफ करा. तडा गेलेले पाते फेकून द्या. पाते फळीखाली दाताभरच उतरू द्या. लाकडाचा भुसा कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केले, मास्क हवाच.

पण उपदेश कामगारालाच का? पाते, धार, मास्क यांचा खर्च ठेकेदाराने केला पाहिजे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टाने अंगठा गमावणे म्हणजे ३० टक्के कमाईक्षमतेची हानी धरली. मात्र कामावर पडून डावा हात गमावलेल्या सुताराची हानी सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये शंभर टक्के मानली, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही.

हा न्याय हात गेल्यावर मिळाला. आपल्याला तो आधी हवा आहे. गार्ड बांधलेली करवत नाकारणाऱ्याची मजुरी कापली जाणार नाही, हे कलम प्रत्येक युनियनने करारात घालून घ्यावे.