तिच्या बाजूची 'शाळा' कुणी लिहायची?

दिवाळीच्या सुटीत शहादा तालुक्यातल्या एका गावात आम्ही नववी-दहावीच्या मुलींचं वाचनशिबिर घेतलं. वाचायला मिलिंद बोकील यांची 'शाळा' घेतली होती. आणीबाणीचा काळ, लहानसं गाव, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि त्याला आवडणारी शिरोडकर. 2004 साली 'मौज'ने काढलेल्या या कादंबरीवर 2012 मध्ये सिनेमाही आला. पहिल्या प्रेमाचा विषय निघाला की आजही मराठी घरांत हेच नाव पुढे येतं. मुली खूश होत्या, एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. तिसऱ्या दिवशी एकीने विचारलं, "ताई, तो सगळं सांगतो. पण हिच्या डोक्यात काय चाललंय, ते कुठे लिहिलंय?"

मी पानं उलटू लागले आणि उलटतच राहिले.

मैत्रिणींनो, मला ही कादंबरी आवडते, हे आधीच सांगते. मुलगे मुलींकडे कसे बघतात हे इतकं प्रामाणिकपणे मराठीत क्वचितच आलं आहे. पण हा प्रामाणिकपणा मुलाचा आहे. मुकुंदाला मित्र आहेत, मामा आहे, राजकारणावरची मतं आहेत, रिकाम्या वेळेत बसायला जागा आहे. शिरोडकरला काय आहे? ती रस्त्याने येते, जाते, दिसते, दिसत नाही आणि शेवटी गावातून निघून जाते. निघताना तिला काय वाटलं असेल ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं. दुसरी मुलगी केवडा. सुऱ्या तिला विचारतो, ती शाळेत तक्रार करते, त्याला मार बसतो. वाचताना आपला जीव कुणासाठी कळवळतो? सुऱ्यासाठी! भर रस्त्यात अडवलं गेलेल्या मुलीच्या पोटात कसा गोळा आला असेल, ते आपण विचारतसुद्धा नाही.

"मुलाच्या तोंडून सांगितलेली गोष्ट आहे, त्यात मुलीचं मन कसं येणार?" असं कुणी म्हणेल. कबूल. त्या एका पुस्तकाशी माझं भांडण नाहीच. माझं भांडण आहे ते गावातल्या प्रेमाची गोष्ट म्हटली की ती मुलाच्याच तोंडून ऐकायची, या आपल्या सवयीशी. आणि ही सवय कादंबरीपुरती राहिलेली नाही.

आता पोलीस ठाण्यातली फिर्याद वाचा. 'अल्पवयीन मुलीस अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले.' नंदुरबारच काय, कुठल्याही जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात हे वाक्य सापडेल. (इसमाचं नाव, गाव, मोबाईल नंबर सगळ्या वस्तीला पाठ असतानाही 'अज्ञात' लिहिलेलं मी पाहिलं आहे.) या वाक्यात कर्ता पुरुष आणि मुलगी कर्म. तिला फूस लागते, ती पळवली जाते. ती स्वतःच्या पायांनी निघाली असेल, बसचं तिकीट तिने काढलं असेल, हे त्या वाक्यात मावतच नाही.

साडेसोळा वर्षांची एक मुलगी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा घरातून निघून सुरतेला गेले, तिथे कामाला लागले. बापाने फिर्याद दिली. मुलगा तुरुंगात, मुलगी बालगृहात. मी भेटायला गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला कुणी विचारतच नाही. सगळे सांगतात." याच बापाने वर्षभर आधी तिचं लग्न ठरवलं होतं! तेव्हा तिचं वय कुणाला आठवलं नव्हतं. बापाने ठरवलं तर तो संसार, तिने ठरवलं तर तो गुन्हा.

कायद्याने संमतीचं वय पूर्वी 16 होतं. 2012च्या पॉक्सो कायद्याने ते 18 झालं. हा कायदा आपल्याला हवाच आहे. लग्नाच्या आमिषाने परराज्यात नेऊन सोडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत आणि सोळाव्या वर्षी बाळंतपणात रक्त कमी पडून गेलेलीही पाहिली आहे. म्हणून 'प्रेम आहे ना, मग सोडून द्या' असं मी म्हणणार नाही. पण खरी फसवणूक आणि मुलीची निवड यांतला फरक तिला विचारल्याशिवाय कळणार कसा? दंडाधिकाऱ्यासमोरच्या जबाबाची सोय आहे, पूर्वी कलम 164 होतं, जुलै 2024 पासून ते नव्या संहितेत 183 झालं. आपण मात्र मुलीला तिथे नेण्याआधी घरी समजूत काढतो, 'आईकडे बघ' म्हणतो. त्या समजुतीत मीही सामील झाले आहे.

सरकारही यात मागे नाही. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्र सरकारने आंतरधर्मीय लग्नांची माहिती जमवायला समिती नेमली. पहिल्या निर्णयात आंतरजातीय लग्नंही होती, टीका झाल्यावर ती वगळली. सज्ञान बाईने लग्न केलं तरी विचारपूस तिच्या माहेरची!

सातपुड्यातलं चित्र वेगळं आहे, असं शहरातल्या लेखकांना वाटतं. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार म्हणजे स्वयंवरच, असं लिहून ते मोकळे होतात. आमच्या भिल्ल-पावरा मुलींना या लिखाणाची चीड येते. बाजार म्हणजे बाजार, तिथे मीठमिरचीही घ्यायची असते. मुलगी आपल्या मनाने मुलाच्या घरी गेली तर पंच बसून मिटवतात हे खरं, शहरातल्या अब्रूपेक्षा ते बरं हेही खरं. पण देज किती, दंड किती, ही बोलणी पुरुषांचीच. ती कोपऱ्यात बसलेली असते.

1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली, ती आपल्या ताप्ती लाईनवरच्या सुरतेतल्या विधवा विजयालक्ष्मीच्या खटल्याने पेटून. त्यात त्यांनी पुरुषांनी रचलेल्या कथा-नाटकांतल्या बायकांचाही समाचार घेतला. 1933 मध्ये मालतीबाई बेडेकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' आलं ते 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने. मुलींच्या मनातलं लिहायला नाव झाकावं लागलं. आपल्या भागातल्या नजुबाई गावितांनी आदिवासी बाईचं जगणं आतून लिहिलं. वाट नव्हती असं नाही.

आपल्या चळवळीने मात्र प्रेमकथा हा प्रकारच 'फालतू' म्हणून बाजूला टाकला. शिबिरात आपण कायदा सांगतो, पाळीचं सांगतो, हिंसाचाराचं सांगतो. 'एखादा आवडतो, तेव्हा काय करायचं?' या प्रश्नाला आपलं उत्तर 'आधी शिक्षण पूर्ण कर'. मुलगी हो म्हणते आणि मोबाईलवर सिनेमा बघते. तिथे तिला पाठलाग म्हणजेच प्रेम असं शिकवायला सगळे तयार असतात. 'सैराट'मधली आर्ची बुलेट चालवते म्हणून 2016 मध्ये आपण टाळ्या वाजवल्या. शेवटी ती मारली जाते, हेही आमच्या मुलींनी लक्षात ठेवलं आहे.

म्हणून शिबिराच्या शेवटच्या दोन दिवसांत आम्ही 'शाळा' बाजूला ठेवली आणि मुलींना वह्या दिल्या. हवं तिने शिरोडकर व्हावं, हवं तिने केवडा. अकरा जणींनी लिहिलं. केवडा झालेल्या एकीने लिहिलं की सुऱ्या वाईट नव्हता, त्याने नीट एकटीला विचारलं असतं तर ती 'नाही' म्हणून घरी गेली असती. पण त्याचे दोस्त लांब उभे राहून हसत होते, म्हणून तिने तक्रार केली. शिरोडकर झालेली दुसरी गावातून जाताना रडतच नाही. तिला नव्या गावात अकरावीला सायन्स आहे का, याची काळजी.

दिवाळीनंतर त्यांतल्या चौघी घरच्यांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेल्या. वह्या माझ्याकडे आहेत. होळीला मुली परतल्या की त्यांना विचारीन, आणि त्यांची हरकत नसेल तर यातली काही पानं नावं न देता पुढच्या अंकासाठी पाठवीन.