ईजीआर व्हॉल्व्ह: बंद करावा कीं बदलावा?

ऐन हंगामांत आंब्यानें भरलेली पिकअप गाडी घाटांत दम टाकूं लागली, कीं बागायतदाराचा जीव टांगणीस लागतो. वाशीचा बाजार दूर, आणि मागें काळा धूर! अशा वेळीं पुष्कळ ठिकाणीं एकच सल्ला मिळतो: "ईजीआरची वाट पत्र्यानें बंद करा, कटकट मिटेल." हा सल्ला कितपत हितावह आहे, याचा विचार शेतकरी बंधूंनीं अवश्य करावा.

जळालेल्या वायूचा कांहीं अंश हा व्हॉल्व्ह इंजिनांत परत सोडतो. त्यायोगें आंतील प्राणवायूचें प्रमाण घटतें, ज्वलनाची उष्णता उतरते व नायट्रोजनचीं विषारी ऑक्साइडें कमी उत्पन्न होतात. परंतु काजळी व तेलाची वाफ मिळून त्यावर कीट चढतें. वाडीपासून बाजारापर्यंतच्या आखूड फेऱ्यांत इंजिन पुरतें तापत नाहीं, म्हणून कीट अधिक सांचतें. व्हॉल्व्ह उघडा अडकला म्हणजे जोर घटतो व धूर वाढतो.

वाट बंद केल्यानें गाडी पुन्हां जोरानें चालते, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तीं ऑक्साइडें मात्र वाढतात. पी.यू.सी. तपासणींत डिझेल गाडीच्या धुराची केवळ दाटी मोजतात. हे वायू तेथें उमटत नाहींत. म्हणजे दाखला स्वच्छ आणि हवा मलिन! उन्हांत याच वायूंपासून ओझोन बनतो, व तो फुप्फुसांप्रमाणें पिकांच्या पानांसही बाधतो. २०१५ सालीं अमेरिकेंत फोक्सवॅगनचें कपट उघडकीस आलें तें याच वायूंविषयीं; पुण्याच्या ए.आर.ए.आय. संस्थेच्या तपासणीनंतर त्याच वर्षीं भारतांतही सुमारें ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीस परत बोलावण्याचें त्या कंपनीनें जाहीर केलें. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमान्वयें प्रदूषणाचीं मानकें मोडणारी गाडी चालविणें दंडनीय आहे.

याउलट, कारागिरानें "नवाच घाला" म्हणतांच पैसे मोजणेंही बरें नव्हे. आमची हयात महसुली दप्तरांत गेली. पंचनाम्यावांचून नुकसानीचा आंकडा मांडूं नये, हा तेथला धडा येथेंही लागू आहे. प्रथम स्कॅनरनें दोष वाचावा, वायर व नळ्या पाहाव्या, कीट काढून व्हॉल्व्ह मोकळा हलतो काय तें तपासावें. कूलंट विनाकारण घटत असेल तर ईजीआर कूलरही पाहावा. साफ करूनही व्हॉल्व्ह नीट मिटत नसेल, किंवा त्याची मोटर जळाली असेल, तरच तो बदलावा. बदलतांना गॅस्केट नवें घालावें. ज्या गाडीस जरूर असेल तिच्या संगणकांत नव्या भागाची नोंद करून घ्यावी. आणि जुना भाग मागून घ्यावा.

एकट्यानें अडल्या वेळीं केलेला सौदा नेहमीं महागच पडतो. म्हणून दिवाळीनंतर, मोहोराच्या दिवसांत, गांवोगांवच्या सोसायट्यांनीं सभासदांच्या गाड्या एकत्र तपासून घ्याव्या व साफसफाईचा दर आधींच ठरवावा. हा विषय येत्या सभेपुढें आणावा, अशी आमची सर्व सभासदांस विनंती आहे.