जाळरेषेवरचा इशारा

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याच्या लेखी वणव्याचा हंगाम. या दिवसांत देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनकर्मचाऱ्यांना मोबाइलवर संदेश येतात : अमुक ठिकाणी उष्णता आढळली. उपग्रहावरून वणव्याचे इशारे देण्याची ही व्यवस्था २००४ मध्ये सुरू झाली. उपग्रहाला वणवा दिसत नाही, तापलेला ठिपका दिसतो, आणि चांगल्या संवेदकाचा एक ठिपकाही ३७५ मीटर लांब-रुंद असतो. तिथे मोहफुलं वेचण्यासाठी कुणी झाडाखालचा पाचोळा पेटवला असेल, कुणी धुऱ्यावरचं तण जाळत असेल किंवा खरोखरच जंगल पेटलं असेल. संदेश येताच वणवा धरून चालायचं नसतं आणि तो पुसूनही टाकायचा नसतो. संदेशातला वनकक्षाचा क्रमांक पाहून जागेवर जायचं असतं.

घरच्या संगणकावर फायरवॉलचा इशारा उमटला की आपण नेमकं उलट करतो. एक तर घाबरतो, नाहीतर काम अडू नये म्हणून ‘अलाउ’ दाबून मोकळे होतो. दुसरी चूक जास्त घरांत होते, आणि ती जास्त महागात पडू शकते.

फायरवॉलला ‘अग्निभिंत’ म्हणण्यापेक्षा आपल्या जंगलातला ‘जाळरेषा’ हा शब्द जवळचा वाटतो. पाचोळा आधीच काढून मोकळा ठेवलेला पट्टा. आग विझवणं हे त्याचं काम नव्हे, तिला पलीकडे जाऊ न देणं एवढंच. संगणकाला नेटवर्कच्या बाजूने ६५,५३६ क्रमांकांची दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. विंडोजची फायरवॉल एरवी आतून बाहेर जाणारी वाहतूक सोडते आणि बाहेरून न बोलावता आलेली अडवते. म्हणून एखादा प्रोग्राम ‘माझ्यासाठी एक दार उघडं ठेवा, बाहेरून कुणी येईल’ असं म्हणतो तेव्हा चौकट उमटते. ती हल्ल्याची बातमी नसते. ती परवानगीची विचारणा असते, आणि उत्तर मिळेपर्यंत दार बंदच असतं.

चौकटीत प्रोग्रामचं नाव असतं, बहुधा तो बनवणाऱ्या कंपनीचंही. नुकताच प्रिंटर जोडला आणि त्याच्याच सॉफ्टवेअरने विचारलं, तर संगती लागते. काहीच सुरू केलेलं नसताना अनोळखी नाव आलं, तर ‘कॅन्सल’. त्याने संकेतस्थळं, ईमेल बंद पडत नाहीत. फक्त तो प्रोग्राम नकाराच्या यादीत जातो आणि सहसा पुन्हा विचारत नाही. पुढे खरंच गरज पडली तर फायरवॉलच्या यादीत जाऊन खूण करता येते. नकार असा केव्हाही मागे घेता येतो. होकारही काढता येतो, पण मधल्या काळात कोण येऊन गेलं ते कळत नाही. ‘प्रायव्हेट’ आणि ‘पब्लिक’ हे दोन पर्यायही त्याच चौकटीत असतात : पहिला घरच्या जोडणीसाठी, दुसरा लॉज, बसस्थानक, वसतिगृह यांच्या वायफायसाठी. दुसऱ्यावर खूण करण्याची गरज घरच्या माणसाला क्वचितच पडते.

काही सुरक्षा-सॉफ्टवेअर ‘इतके प्रयत्न रोखले’ असा आकडा दाखवतात. तो पाहून कुणी आपल्या मागावर आहे असं समजू नये. इंटरनेटवर असंख्य यंत्रं रात्रंदिवस प्रत्येक पत्त्याचं दार ठोठावत असतात. ओळख-पाळख काही नसते. घरचा राउटरच त्यातलं बहुतेक बाहेर ठेवतो. पूर्वी तसं नव्हतं. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाची कीड, कुणी काही उघडलेलं नसतानाही, नुसत्या इंटरनेटला जोडलेल्या संगणकांत शिरली. वर्षभराने विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये फायरवॉल मुळातच चालू ठेवलेली आली. मे २०१७ मधलं ‘वॉनाक्राय’ हे खंडणीखोर सॉफ्टवेअर ४४५ क्रमांकाच्या दारातून पसरलं. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. जाळरेषा हंगामाआधी साफ करावी लागते, तसंच अपडेटचं आहे.

पण मोहाखालची आग बाहेरून येत नाही, ती आतल्याच माणसाच्या हातून लागते. तिथे जाळरेषेचा उपयोग मर्यादित. फुकटात मिळालेलं ‘क्रॅक’ सॉफ्टवेअर, ईमेलला जोडलेलं खोटं बिल, फोनवरच्या माणसाने उतरवून घ्यायला सांगितलेलं स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप, हे आपणच आत आणतो आणि फायरवॉल ते मुकाट्याने जाऊ देते.

आज सर्वांत घातक इशारा फायरवॉलचा नसतोच. ब्राउझरमध्ये अचानक पडदाभर लाल पान उघडतं, भोंगा वाजतो, ‘संगणक बंद करू नका, या क्रमांकावर फोन करा’ असं लिहिलेलं असतं. विंडोजची फायरवॉल फोन नंबर देत नाही, पैसे मागत नाही, आवाज करून घाबरवत नाही. ते निव्वळ एक वेबपान असतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, ब्राउझर बंद करावा. पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू नयेत. फोन आधीच केला असेल आणि पलीकडच्याला संगणकाचा ताबा दिला असेल, तर आधी राउटरची वायर काढावी किंवा वायफाय बंद करावं. पैसे गेले असतील तर १९३० वर त्याच घटकेला तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती गोठवता येते. बँकेचा पासवर्ड बदलायचा तो दुसऱ्या यंत्रावरून.